शिपायाची तक्रार अंदाजपत्रकापर्यंत पोचू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात तू कार्यालयीन अधीक्षक म्हणून रुजू झालास, फार बरं वाटलं. इमारत, सुरक्षितता आणि पैसा यांतलं आधी काय हाती घेऊ, असं तू विचारलंस. माझ्या मते ही तीन कामं नाहीतच, एकच आहे. त्याची सुरुवात मात्र कपाटातल्या फायलींपासून करू नकोस. सकाळी कुलपं उघडणाऱ्या शिपायाबरोबर आठवडाभर फिर. कुठल्या वर्गातला पंखा फिरताना हेलकावतो, कुठल्या बटणाला हात लावला की झिणझिण्या येतात, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी कधीपासून तुटली आहे, हे त्याला आणि सफाईच्या मावशींना प्राचार्यांच्या कितीतरी आधी ठाऊक असतं. त्यांनी ते कुणालातरी सांगितलेलंही असतं, पण तोंडी.

म्हणून कार्यालयाच्या दाराशी एक वही ठेव. तारीख, जागा, कोणी सांगितलं, काय केलं, कधी केलं. ज्याला लिहायचा संकोच वाटतो त्याचं तू स्वतः लिहून घे. जे पैशाअभावी राहिलं त्यापुढे अंदाजे खर्च टाक. फेब्रुवारीत अंदाजपत्रक करायला बसशील तेव्हा गेल्या वर्षीच्या आकड्यांवर दहा टक्के चढवण्याऐवजी ही वही उघड. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 97 नुसार अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनाकडे पाठवण्याचं काम महाविद्यालय विकास समितीचं आहे, आणि त्या समितीवर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांतून निवडून आलेला एक प्रतिनिधीही असतो. बऱ्याच ठिकाणी तो सही करून चहा पिऊन परत येतो. त्याच्या हातात वहीतली यादी दे आणि सभेत त्याला बोलू दे.

आता गच्ची. आपल्याकडे इमारती भूकंपाने नव्हे, पावसाच्या पाण्याने मरतात. छतातून पाणी झिरपलं की आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि खालचं प्लास्टर सोडून देते. ते पोपडे बाकांवर पडतात. हे काम एप्रिल-मेमध्येच करावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच तिजोरी रिकामी असते: प्रवेशाचं शुल्क जून-जुलैत येतं, शिष्यवृत्तीधारक मुलांच्या शुल्काची रक्कम महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरून सवडीने. पगाराचं अनुदान पगारालाच. म्हणून शुल्क जमा झालं की त्यातली ठरावीक रक्कम एप्रिलमध्ये मुदत संपेल अशा ठेवीत टाक. हिशेबात दरवर्षी घसारा, म्हणजे इमारत आणि वस्तू झिजल्याचा खर्च, दाखवला जातो, पण तेवढे पैसे खरोखर बाजूला काढणारी संस्था क्वचित दिसते. तू आग्रह धर.

दरपत्रकं मागवताना नुसतं 'गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणे' असं लिहू नकोस. जुना थर काढायचा का, उतार कुठल्या बाजूला, पन्हाळी किती, कठड्याच्या कडेला गोलाई भरायची का, हे सगळं लिही; नाहीतर तिन्ही ठेकेदार तीन वेगळ्या कामांचे दर देतात आणि सर्वांत स्वस्त म्हणून सर्वांत कमी काम निवडलं जातं. काम झाल्यावर गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून बघ. बिलातली काही रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेव, आणि ही अट आधीच कार्यादेशात घाल.

आगीबद्दल मात्र मी काकुळतीने सांगतो. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमला शाळेच्या आगीत 94 मुलं गेली. 24 मे 2019 ला सुरतेत शिकवणीच्या वर्गाला आग लागली, मुलांनी वरून उड्या टाकल्या, 22 जीव गेले. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत 'फॉर्म बी', म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तो घेच, पण एजन्सीचा माणूस येईल तेव्हा त्याच्याबरोबर आग विझवण्याच्या प्रत्येक सिलिंडरपाशी जा. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो. तो वजन करून तपासायचा. विजेच्या पॅनेलजवळ हाच ठेवायचा. आणि ग्रंथालयाचं, सभागृहाचं मागचं दार चोरीच्या भीतीने कुलूपबंद असेल तर आत मुलं असेपर्यंत ते कुलूप निघालंच पाहिजे. यात प्राचार्यांशी वाद झाला तरी घाल. पुस्तक चोरीला गेलं तर दुसरं घेता येतं.

प्रयोगशाळेत नायट्रिक आम्ल आणि स्पिरिट एका कपाटात दिसलं तर त्याच दिवशी वेगळं करायला लाव. पाण्याच्या कूलरच्या आणि प्रयोगशाळांच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घे. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा शिपायाकडून दाबून घे आणि वहीत नोंद करायला सांग. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाचा जीव वाचवणारी वस्तू खुर्च्यांच्या नव्या कव्हरांपेक्षा स्वस्तात येते.

महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की रंगरंगोटीसाठी पैसे अचानक सापडतात. त्याला विरोध करू नकोस. भिंत रंगवण्यापूर्वी तिच्यातली ओल आणि जुनी वायरिंग काढण्याचं काम त्याच मंजुरीत बसव. एरवी ते वर्षानुवर्षं मंजूर होत नाही.

फेब्रुवारीच्या सभेला अजून अवधी आहे. वही सुरू झाली की पहिल्या महिन्याच्या पानांचे फोटो पाठव, आणि गच्चीच्या कामाचा मसुदा दरपत्रकं मागवण्याआधी मला दाखव. मी ओळ न् ओळ वाचून देईन.

तुझा,
एक जुना अधीक्षक