रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग कंबरदुखी मनाची आहे का?

हा प्रश्न घेऊन अनेक जण समुपदेशनासाठी येतात. त्यातली एक हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, सांगत आहे.

सत्ताविशीचा एक तरुण आईबरोबर आला होता. दोन वर्षांपासून त्याची कंबर दुखत होती, एक्स-रेमध्ये काही दिसले नव्हते आणि 'हा टेन्शन घेतो' असे घरच्यांनी ठरवून टाकले होते. "सकाळी उठायचं म्हटलं की याची कंबर धरते आणि ऑफिसला निघेपर्यंत सगळं ठीक होतं, मग शंका येणारच ना?" असे आई म्हणाल्या.

मी मनाविषयी काही विचारण्याआधी त्याला दुखण्याचे वेळापत्रक सांगायला सांगितले. पहाटे दुखण्यानेच जाग येते आणि हॉलमध्ये येरझारा घातल्यावर बरे वाटते. सकाळी मोजे घालण्यापुरतेही वाकता येत नाही, तासाभराने अंग मोकळे होते. रविवारी दिवसभर पडून राहिले की त्रास वाढतो, असे त्याने सांगितले. मागच्या वर्षी एक डोळा लाल होऊन खूप दुखला होता, हेही बोलता बोलता निघाले.

उसण भरते किंवा स्नायू आखडतात तेव्हा विश्रांतीने सहसा आराम पडतो. इथे सगळे उलटे होते. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, आरामाने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या दाहक संधिवाताची असू शकते, आणि त्यात सुरुवातीची काही वर्षे एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. निदान करणे माझे काम नव्हे, म्हणून त्याने सांगितलेले सारे कागदावर लिहून मी त्याला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी हे हाड आणि कंबरेची हाडे यांमधल्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये सूज दिसली आणि शंका खरी ठरली.

बहुतांश पाठदुखी साधी असते आणि काही आठवड्यांत बरी होते, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. तरीही संध्याकाळचा बारीक ताप आणि घटते वजन असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. पाळी थांबलेल्या स्त्रीला किरकोळ धक्क्यानंतर एकाएकी पाठीत कळ आली तर ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो, आणि कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ अनेकदा मुतखड्याची असते. पूर्वी कर्करोग झालेल्यांनी नवी पाठदुखी अंगावर काढू नये. लघवी अडणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा पायांतली ताकद जाणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ताणामुळे वेदना वाढते, हे मला मान्य आहे. परंतु ताण हे कारण म्हणून पुढे करण्याआधी शरीराची नीट तपासणी व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. मनाची कंबरदुखी म्हटले की माणूस दुखणे सांगणेच बंद करतो आणि उपचार लांबतात.

तो तरुण आता औषधे घेतो आणि रोज व्यायाम करतो. या आजारात डोळ्यालाही सूज येऊ शकते, म्हणून डोळा पुन्हा लाल झाला तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जायचे, हे डॉक्टरांनी त्याला बजावले आहे. आजार दीर्घकाळचा असल्याने लग्न आणि नोकरी यांविषयीची त्याची भीती खरी आहे, आणि आमची भेट आता त्या भीतीसाठी होते.