मुंबई ते दुबई विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

सरळ हवाई अंतर सुमारे १,९३० किमी. थेट विमानाने जाताना साधारण सव्वातीन तास लागतात, येताना पावणेतीन ते तीन. विमानं उडतात त्या उंचीवर वारे बहुतेक पश्चिमेकडून वाहतात, हिवाळ्यात तर जोरातच. त्यामुळे जाताना ते समोरून येतात, परतताना मागून ढकलतात.

तिकिटावरच्या वेळा पाहून मात्र गोंधळू नका, त्या स्थानिक असतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी १० ला मुंबईहून निघालात तर तिथे पावणेबाराला उतराल! परतताना उलट: तिथून १० ला निघालात तर इथे दुपारचे सव्वादोन-अडीच वाजलेले असतात.

विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नाही.