ई-११ ब्लास्टर: आधी एकच बंदूक ठरवा, मग पाइप कापा

प्रश्न थोडक्यात असा होता: १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकाची बंदूक, म्हणजे ई-११ ब्लास्टर, ४० मि.मी.च्या पीव्हीसी पाइपपासून बनवलं. हे ब्लास्टर बुटकं आणि जाड दिसतं, भोकांच्या रांगा तिरक्या गेल्यात, आणि महिन्याभरात रंगाचे पापुद्रे सुटायला लागलेत. तर आता ज्या स्टर्लिंग बंदुकीवर ते बेतलंय, तिचे खरे सुटे भाग बाहेरच्या देशातून मागवावेत का?

शेवटचा मुद्दा आधी. मागवू नका. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भागही येतात. 'तिथे कापलेल्या, निकामी बंदुकीचा सांगाडा सर्रास विकतात' हे उत्तर आपल्या कस्टम्समध्ये चालत नाही. आणि त्याची गरजही नाही, कारण तुमच्या तिन्ही अडचणी मोजमाप आणि कामाचा क्रम यांतून आल्या आहेत. त्यांचा धातूशी काही संबंध नाही.

ई-११ म्हणजे मुळात ब्रिटिश सैन्याची स्टर्लिंग एल२ए३ सबमशीनगन. लंडनच्या बॅप्टी या शस्त्रं भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून ती आली आणि सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांनी तिच्यावर जोडकाम केलं. वर दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्याची एम३८ दुर्बीण, डाव्या बाजूला हेंगस्टलर बनावटीचा आकडे फिरणारा काउंटर, नळीवरच्या भोकांवर प्लास्टिकच्या टी-पट्ट्या (छेद इंग्रजी टी अक्षरासारखा), आणि मूळचं ३४ गोळ्यांचं वाकडं मॅगझिन कापून उरलेला आखूड तुकडा. काहींवर मॅगझिनच्या खोबणीपाशी दोन छोट्या नळ्याही बसवलेल्या होत्या. या 'काहींवर'कडे नीट लक्ष द्या. चित्रीकरणातली सगळी ब्लास्टरं एकसारखी नव्हती. नेटवरचे पाच फोटो बघून पाचांतून थोडं थोडं घेतलं की जी वस्तू बनते ती पडद्यावर कधीच नव्हती. म्हणून एक बंदूक निवडा, तिचे डावीकडून, उजवीकडून आणि वरून असे तीन स्वच्छ फोटो जमवा आणि बाकीचे फोल्डरमधून काढून टाका. फोटो उलटा छापलेला नाही ना, हे तपासायची सोपी खूण: स्टर्लिंगचं मॅगझिन डाव्या बाजूला असतं. ते उजवीकडे दिसलं तर चित्र आरशातलं आहे.

आता बुटकेपणा. स्टर्लिंगच्या मुख्य नळीचा बाहेरचा व्यास सुमारे ३८ मि.मी., म्हणजे दीड इंच. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, दुमडलेला असताना एकूण लांबी ४८३ मि.मी. आपल्याकडे शेतीच्या आणि नळकामाच्या पीव्हीसी पाइपचा जो आकडा सांगतात तो बाहेरच्या व्यासाचा असतो, म्हणून तुमचा ४० चा पाइप खरोखर ४० मि.मी. भरतो. तुम्ही जाडी ४० ठेवली आणि लांबी ४८३. डोळ्याला खटकतंय ते हेच. ४० भागिले ३८.१ म्हणजे १.०५. आता प्रत्येक माप १.०५ ने गुणायचं: लांबी ५०७ मि.मी., आणि दुर्बीण, काउंटर, मूठ, मॅगझिन सगळं त्याच पटीत. थ्रीडी प्रिंटच्या फाइलीही १०५ टक्क्यांवर छापायच्या. ज्यांना मूळ मापच हवं त्यांनी अ‍ॅल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात दीड इंची गोल नळी मागावी. रेलिंगवाल्यांकडे स्टीलचा पाइपही याच मापात मिळतो, पण त्याला ओळीने भोकं पाडण्यात बिटं जळतात आणि वजन नको तितकं वाढतं. पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नासाठी पीव्हीसीच बरा. अख्खी लांबी विकत घ्यायची गरज नाही, नळकाम करणाऱ्याकडे अर्धा-पाऊण मीटरचे तुकडे पडलेले असतात. फक्त तुकडा सपाट फरशीवर लोळवून बघा. डुगडुगला तर वाकलेला आहे. तो सोडा.

भोकांकडे येऊ. ४० मि.मी. पाइपचा परीघ १२५.७ मि.मी. म्हणजे एक अंश जेमतेम ०.३५ मि.मी.चा. रांग तीन मि.मी. सरकली की जवळपास नऊ अंशांची चूक झाली, आणि टी-पट्टी बसवल्यावर ती दहा फुटांवरून कळते. हाताने, टेपने मोजून हे जमत नाही. कागदाचा साचा करा. कागदाची जाडीही परिघात मोजावी लागते, म्हणून साचा १२६ मि.मी. रुंद काढा. त्यावर कोपऱ्यात १०० मि.मी.ची एक रेघ ठेवा, छापताना 'पानावर बसवा' हा पर्याय बंद करा, आणि छापून झाल्यावर ती रेघ पट्टीने मोजा. ९७ भरली तर कागद फेकून द्या. साचा पाइपभोवती गुंडाळल्यावर दोन्ही कडा टोकापासून टोकापर्यंत जुळल्या पाहिजेत. एका टोकाला जुळतात आणि दुसऱ्या टोकाला उघडतात, याचा अर्थ कागद तिरका गेला आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत रांगा मळसूत्रासारख्या फिरलेल्या दिसतात, त्याचं कारण बहुधा हेच. रांगा किती आणि एका रांगेत भोकं किती, हे निवडलेल्या फोटोवरूनच मोजा. नळीचा व्यास हे एकक धरलं की फोटोतल्या भोकाचा आकारही गुणोत्तराने काढता येतो.

भोक पाडताना पाइप लोळतो आणि बिट गोलाईवरून घसरतं. दोन लाकडी पट्ट्या फळीवर समांतर ठोका, मध्ये पाइप बसेल एवढी फट ठेवा, आणि पाइपच्या आत घट्ट बसणारा लाकडी दांडका सरकवा, म्हणजे दाबाने तडा जात नाही. आधी टोच्याने खूण, मग ३ मि.मी.चं बिट, मग स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणाऱ्या बिटाने) हवं ते माप. साधं मोठं बिट थेट लावलं तर ते पीव्हीसीला ओरबाडतं आणि भोक गोल राहत नाही. वेग कमी ठेवा. वेग जास्त झाला की प्लास्टिक कापलं जात नाही, वितळतं, आणि भोकाच्या काठावर मेणबत्तीच्या ओघळासारखी कडा जमते. ती लगेच कानशीने काढू नका, पूर्ण गार झाल्यावर धारदार पात्याने अलगद खरवडा. घासकाम ओल्या पॉलिश पेपरने करा आणि तोंडाला मास्क लावा, पीव्हीसीची धूळ फुप्फुसात जायला नको. हीट गन वापरायची वेळ आली तरी पाइप करपू देऊ नका. करपलेल्या पीव्हीसीतून निघणारी वाफ आम्लाची असते.

आता जुळणीचा क्रम. बहुतेकांचं काम इथे बिघडतं. आधी मूठ. नुसत्या अराल्डाइटवर बसवलेली मूठ पहिल्याच कार्यक्रमात निखळते, कारण सगळा हिसका त्याच सांध्यावर येतो. पाइपच्या आतून रुंद वॉशर घालून एम६ चा बोल्ट मुठीत उतरवा. हे काम नळी रिकामी असतानाच जमतं, नंतर हात आत जात नाही. मग बंदुकीच्या स्वतःच्या बोल्टचा, म्हणजे नळीत मागेपुढे सरकणाऱ्या धातूच्या तुकड्याचा, देखावा. काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीतून आतला धातू दिसला पाहिजे. ३२ मि.मी. पाइपचा तुकडा ४० च्या आत सहज जातो, त्याला स्टीलसारखा राखाडी रंग देऊन खिडकीमागे चिकटवा. पुढे भोकांतून आतली बारीक नळी दिसते, त्यासाठी २० मि.मी.चा पाइप दोन टोकांना फोमच्या चकत्या लावून बरोबर मध्यावर धरा. या आतल्या गोष्टी आधीच रंगवलेल्या हव्यात. बाहेरचा रंग मारताना मात्र भोकांतून आत फवारा जातो, म्हणून आतली नळी सर्वांत शेवटी सरकवायची. तोवर पुढचं टोक बंद करू नका.

टी-पट्ट्या फर्निचरच्या हार्डवेअर दुकानात प्लास्टिकच्या घ्या. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी नीट वळत नाही. पट्टीला नख लावून बघा: मेणासारखी गुळगुळीत वाटली तर ती पॉलिप्रॉपिलीनसारख्या जातीची आहे, त्यावर फेव्हिक्विक टिकत नाही, आज बसते आणि चार दिवसांनी सालीसारखी सुटते. अशा पट्टीला आतल्या बाजूने बारीक तारेने भोकांतून बांधा, नाहीतर सरळ पीव्हीसीची पट्टी शोधा. पीव्हीसीला पीव्हीसी चिकटवायला पाइपचं सॉल्व्हंट सिमेंट उत्तम, पण थ्रीडी प्रिंटच्या पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकवर ते कामाचं नाही. तिथे दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करून अराल्डाइट.

प्रिंटबद्दल एवढंच: मूठ, दुर्बीण, काउंटर हे भाग शक्यतो पीईटीजी या उष्णतेला जास्त टिकणाऱ्या प्लास्टिकमध्ये छापा. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत दुर्बिणीची केळी होते. थर ०.२ मि.मी., भिंती चार.

रंगाचे पापुद्रे. पाइप कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्यावर चकचकीत कातडी असते, तिला रंग धरत नाही. २२० च्या पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, मग ४००, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका. पाइपवर कंपनीचं नाव आणि माप छापलेलं असतं, ती शाई थिनरने आधी काढा. नुसती झाकली तर प्रायमरच्या वर पिवळट होऊन उमटते. त्यावर प्लास्टिकसाठीचा प्रायमर, दोन पातळ हात, आणि एक अख्खा दिवस थांबणं. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत हवा दमट असताना स्प्रे मारला की काळ्यावर पांढरट धुरकट थर येतो. तो रंगाचा दोष नाही, दमटपणाचा आहे. उघडीप बघून, दुपारी मारा.

आणि साधा मॅट काळा मारू नका. स्टर्लिंगची ओळखच तिच्या सुरकुतलेल्या काळ्या रंगात आहे. जवळून बघितलं तर तो पृष्ठभाग जुन्या कॅमेऱ्याच्या किंवा शिवणयंत्राच्या मोटरच्या आवरणासारखा दिसतो: बारीक, दाट, एकात एक गुंतलेल्या घड्या, आणि उजेड तिरका पडला की प्रत्येक घडीची कड वेगळी चमकते. गाडीच्या इंजिनाच्या झाकणासाठी जो रिंकल फिनिशचा स्प्रे मिळतो तो घ्या. एक हात आडवा, पाच मिनिटांनी दुसरा उभा, पाच मिनिटांनी तिसरा तिरका, तिन्ही चांगले ओले. इथे हात आखडला तर सुरकुत्या पडतच नाहीत, रंग गुळगुळीत वाळतो. एके ठिकाणी दाट आणि दुसरीकडे पातळ मारला तर घड्याही कुठे मोठ्या, कुठे बारीक येतात. डब्यावर ऊब द्यायची सूचना असते ती धातूसाठी. पीव्हीसी पाइप सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडतो, तेव्हा ओव्हन नाही, हेअर ड्रायर एक फुटावरून सतत फिरवत ठेवा. आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघा. मूठ, मॅगझिन आणि बोल्टला हा रंग लावायचा नाही, तिथे मास्किंग टेप. या रंगाची एक मेहेरबानी आहे, तो पेपरचे ओरखडे गिळतो. सांध्याची पायरी मात्र गिळत नाही, ती आधी पुट्टीने भरून घ्या.

जुनेपणा आणायला चांदीचा रंग ब्रशने सगळीकडे घासणं ही फार रूढ झालेली चूक आहे. वापरातली बंदूक कुठे घासते याचा विचार करा: दस्ता दुमडून जिथे टेकतो तिथे, मॅगझिनच्या खोबणीच्या ओठावर, खिडकीच्या कडांवर. तेवढ्याच जागी ६बी पेन्सिलीची पूड बोटाने चोळा.

संग्रहाच्या बाजूने थोडं: याच चित्रपटातल्या हान सोलो या पात्राचं ब्लास्टर, माउझर सी९६ पिस्तुलावर बेतलेलं, ऑगस्ट २०२२ मध्ये रॉक आयलंड ऑक्शन कंपनीच्या लिलावात १०,५७,५०० डॉलरला गेलं. अशा वस्तूची किंमत पडद्यावरच्या ओरखड्याशी हातातला ओरखडा जुळतो की नाही यावर ठरते. म्हणून 'मूळ ई-११ स्वस्तात' म्हणून कोणी काही दाखवलं आणि पडद्यावरच्या चित्राशी जुळवलेला एकही फोटो दिला नाही, तर ती प्रतिकृती समजूनच भाव करा.

नेण्या-आणण्याचं गांभीर्याने घ्या. आपल्याकडे पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेली 'कार्बाइन' म्हणजे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीतली स्टर्लिंगचीच आवृत्ती. म्हणजे तुमच्या ब्लास्टरची बाह्यरेषा दादर स्टेशनवरच्या हवालदाराला चित्रपटातली वाटणार नाही, ओळखीच्या बंदुकीची वाटेल. दुर्बीण आणि काउंटर स्क्रूने सुटे ठेवा, प्रवासात सगळं बंद पेटीत, पेटीवर 'चित्रपटातील वस्तूची प्लास्टिक प्रतिकृती' अशी चिठ्ठी. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला भडक नारिंगी खूण कायद्याने लागते. आपणही तशी ठेवावी: ३२ च्या पाइपचा छोटा तुकडा नारिंगी रंगवून तोंडात दाबून बसवा, घरी कपाटात ठेवताना काढा. कॉमिक कॉनला (चाहत्यांच्या मेळाव्याला) जाण्याआधी त्या वर्षीचे प्रॉप्सचे, म्हणजे सोबत नेण्याच्या नकली वस्तूंचे, नियम वाचून घ्या, दारावर वाद घालून उपयोग होत नाही.

तुमचं आत्ताचं ब्लास्टर मोडीत काढू नका. मूठ, दुर्बीण आणि काउंटर सोडवून घ्या, रंग ओल्या पेपरने पाइपपर्यंत उतरवा, आणि तो पाइप रिंकलच्या सरावासाठी ठेवा. नवीन पाइप ५०७ मि.मी. लांब कापा, साचा गुंडाळा, दोन्ही टोकांना कडा जुळल्या की पहिलं भोक पाडण्याआधी वरून आणि बाजूने फोटो इथे टाका.