नवीन फादर गावाला पटत नाहीत, सही करू का?

प्रश्न : मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका पॅरिशमधली, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली. जूनमध्ये आमच्याकडे नवीन फादर आले आणि तेव्हापासून गावात नुसती धुसफूस चालू आहे. आधीचे फादर सात वर्षं होते, घराघरात येऊन बसायचे, कोणाच्या आईचा गुडघा दुखतो हेसुद्धा त्यांना माहीत असायचं. ह्यांनी आल्या आल्या रविवारची सातची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) साडेसहाला नेली, क्वायरला, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांना, सांगितलं की लग्नाच्या मिस्सेत सिनेमाच्या चालीची गाणी चालणार नाहीत, प्रवचन अर्धा तास आणि त्यातला अर्धा वेळ ओरडणं. ऑफिसात गेलं तर मान वर न करता "सेक्रेटरीला विचारा". सणाच्या वर्गणीचा हिशोबही अजून बोर्डावर लागलेला नाही. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर बिशपांकडे द्यायला सह्या गोळा करतायत, काही घरं तर शेजारच्या पॅरिशमध्ये मिस्सेला जायला लागलीत. माझ्या मुलाचं लग्न डिसेंबरात आहे. सही करू का? आणि लग्न दुसऱ्या चर्चमध्ये घेता येईल का? – एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला आमचंच गाव आठवलं. मी पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे फादरांना सल्ला देणाऱ्या भाविकांच्या मंडळावर, होतो तेव्हा अशाच एका अर्जावर सही केली होती, न वाचता, कारण शेजारच्याने केली होती. बिशपांनी आम्हाला बोलावलं, एकेकाला विचारलं की तुमची स्वतःची तक्रार काय, आणि निम्म्या लोकांना सांगता येईना. फादर नंतर गेले, पण सही करणारी आणि न करणारी दोन घरं त्यानंतर एकमेकांच्या मयतीलाही गेली नाहीत. ते मला अजून लागतं, म्हणून आधी सांगतो, आत्ता सही करू नका.

गप्प बसा असं मात्र मी म्हणत नाही. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, २१२ वं कलम आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की चर्चच्या भल्याबद्दल आपलं मत धर्मगुरूंना सांगायचा भाविकांना हक्क आहे आणि कधीकधी ते कर्तव्यच असतं, फक्त आदर ठेवून सांगायचं. म्हणजे बोलणं हे बंड नाही, जुनी माणसं काहीही म्हणोत.

पण काय बोलायचं ते आधी वेगळं काढा, कारण तुमच्या पत्रात चार-पाच गोष्टींचा एकच गोळा झालाय. सिनेमाच्या चालीचं म्हणाल तर फादर बरोबर आहेत, मिस्सेत उपासनेचीच गाणी हवीत, ह्याआधी चालत होतं ते चालवून घेतलं जात होतं एवढंच. मिस्सेची वेळ ही सोयीची गोष्ट आहे, पण सकाळी भाजी घेऊन दादर गाठणाऱ्या बाईला आणि नाइट शिफ्टहून येणाऱ्या मुलाला अर्ध्या तासाने फरक पडतो, तो फादरांना कोणी नीट सांगितलाय का? आणि आधीचे फादर आठवणं हे दुःख आहे, तक्रार नाही. सात वर्षं घरातल्यासारखा असलेला माणूस गेला तर मन रिकामं होणारच. फक्त त्यांना फोन करून नवीन फादरांबद्दल सांगू नका, ह्याने त्यांचीही पंचाईत होते आणि नवीन माणसाला तर गावात पाय ठेवायला जागाच राहत नाही.

हिशोबाचं मात्र मी सोडणार नाही. त्याच कायद्याच्या कॅनन (कलम) ५३७ प्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये फायनान्स कमिटी असायलाच हवी, ती ऐच्छिक नाही. आणि लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशोब लोकांना द्यायचा असतो, हे कॅनन १२८७ मध्ये आहे. पॅरिश कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं, फादरांवर ते बंधनकारक नाही, पण कौन्सिलच्या मिटिंगमध्ये विचारलेला प्रश्न मिनिट्समध्ये येतो आणि तो सहजासहजी पुसता येत नाही. तिथे विचारा. सण नुकताच झाला असेल तर हिशोब जुळायला थोडा वेळ लागतो हेही धरा.

ऑफिसातल्या वागण्याबद्दल दोन-तीन जणांनी जाऊन भेटा, वीस नको, वीस गेले की मोर्चा वाटतो. ज्यांचा आवाज चढत नाही अशी माणसं न्या. "फादर, आमच्या म्हाताऱ्या माणसांना तुमची वाट बघायची सवय आहे, एकेका वॉर्डात घरं दाखवायला आम्ही बरोबर येतो," असं म्हणून बघा. नवीन गावात दार कोणाचं वाजवायचं हेच कित्येक फादरांना कळत नाही, त्यात आपल्याकडे कुठे सामवेदी समाज कुठे वाडवळ, बोली वेगळी, मानपान वेगळा, बाहेरून आलेला माणूस बावचळतो आणि मग कडक वागून लपवतो. सगळेच असे असतात असं नाही, काही स्वभावानेच तुसडे असतात, पण ते भेटल्याशिवाय कळणार नाही.

ह्यातून काही झालं नाही तर बिशपांना पत्र लिहा, एका विषयाचं, तारखा आणि घडलेल्या गोष्टी घालून, खाली नाव-पत्ता. निनावी पत्रावर कोण काय करणार? फादरांना काढायची कारणं कॅनन १७४१ मध्ये दिलीत, त्यात पैशाचा गंभीर गोंधळ आहे आणि चांगल्या, विचारी पॅरिशनरांच्या मनातून उतरणं किंवा त्यांची लवकर न जाणारी नाराजी हेही आहे. म्हणजे नाराजी मोजली जाते, पण ती जूनपासूनच्या चार महिन्यांत ठरत नाही आणि सह्यांच्या संख्येवर तर अजिबात नाही.

एक गोष्ट ह्या सगळ्यापासून वेगळी ठेवा. लहान मुलांशी कोणी लैंगिक गैरवर्तन केल्याचं कानावर आलं तर कौन्सिल-बिशप काही बघत बसू नका, पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, फादर असोत की शिक्षक. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे पान बरेच जण वाचतात.

आता लग्न. ते वराच्या किंवा वधूच्या पॅरिशमध्ये होतं, त्यामुळे सूनबाईंच्या पॅरिशमध्ये ठेवलं तर काहीच अडचण नाही, तिसऱ्याच चर्चमध्ये हवं तर मात्र दोघांपैकी एकाच्या फादरांची नाहीतर बिशपांची परवानगी लागेल. पण मुलाच्या बाप्तिस्म्याचा नवा दाखला तुमच्याकडूनच घ्यायचाय, बॅन्सही, म्हणजे लग्नाची जाहीर सूचना, तुमच्या चर्चमध्ये वाचले जाणार, म्हणजे भेटावं तर लागणारच. मग ह्याच आठवड्यात मुलाला आणि होणाऱ्या सुनेला घेऊन जा, सेक्रेटरीकडे न जाता थेट फादरांना भेटायचंय म्हणून वेळ मागा, आणि लग्नाच्या गाण्यांची यादी क्वायरमास्तरांकडून करून बरोबर न्या. कुठलं चालेल, कुठलं नाही ते त्यांनाच विचारा. पंधरा मिनिटं समोरासमोर बसलात की माणूस कसा आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल, मग मला परत लिहा.