नोकरी सोडून लडाखला फोटो काढायला जाऊ का? सांगलीच्या एका वाचकाला उत्तर

सांगलीहून एका वाचकाने लांबलचक पत्र पाठवलंय आणि सोबत स्टॉक साईट्सच्या (जिथे आपण फोटो टाकतो आणि लोक पैसे देऊन ते वापरतात) कमाईची एक्सेल शीटही जोडलीये, त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण आकडे समोर असले की बोलायला बरं पडतं. थोडक्यात परिस्थिती सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३३, खासगी नोकरी ८ वर्षं, हातात येणारा पगार ५२,०००. घरी आईवडील, बायको, ३ वर्षांची मुलगी. घर स्वतःचं, खर्च महिन्याला ३८,००० च्या आसपास. तीन स्टॉक साईट्सवर मिळून २,२०० फोटो आणि गेल्या १२ महिन्यांची त्यातली कमाई १,३२,०००, म्हणजे महिन्याला सरासरी ११,०००. लग्नं आणि प्री-वेडिंगचे वर्षाला १,४४,०००. एफडी ६ लाखांची. आता त्यांना राजीनामा द्यायचाय, ४ लाखांचा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि लेन्सेस पर्सनल लोनवर घ्यायच्यात आणि जून-जुलैत लडाख-स्पिती, मग ऑगस्टमध्ये मेघालय-अरुणाचल असा तीन महिन्यांचा दौरा करायचाय, त्याला अडीच लाख एफडीतून काढायचे. विचारलंय, "हे धाडस करू का?"

माझं उत्तर, या स्वरूपात नको. फोटोग्राफी सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, तुमचे फोटो बघितलेत, चांगले आहेत. पण ज्या कामाने तुम्हाला आत्ता पैसे मिळतायत ते सोडून तुम्ही ज्याने मिळत नाहीयेत त्याच्यावर कर्ज काढायला निघालात, आणि हे तुमचीच शीट सांगतेय.

बघा, ११,००० भागिले २,२०० म्हणजे एका फोटोमागे महिन्याला ५ रुपये. हा आकडा प्रत्येक स्टॉकवाल्याने कागदावर लिहून टेबलासमोर लावावा इतका महत्त्वाचा आहे. आता तीन महिन्यांच्या दौऱ्यात समजा तुमचे ६०० फोटो पास झाले (हे बरेच झाले, कारण एकाच तळ्याचे चाळीस फोटो टाकले तर सारखेच आहेत म्हणून रिजेक्ट होतात), तर ६०० गुणिले ५ म्हणजे महिन्याला ३,०००. अडीच लाख खर्च भरून निघायला ८३ महिने, जवळपास सात वर्षं. तेही फोटोंची विक्री सात वर्षं आहे तशीच राहिली तर, आणि ती राहत नाही, नवीन माल रोज येतो आणि जुना सर्चमध्ये खाली खाली जातो. स्टॉकची कमाई घरभाड्यासारखी समजू नका, काम थांबलं की ती हळूहळू आटते. यात तुमचा बुडालेला पगार मी धरलेलाच नाही.

कर्जाचं गणित वेगळं. ४ लाख, ३ वर्षं, १४ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण १३,६७० आणि एकूण व्याज ९२,००० च्या पुढे. राजीनाम्यानंतर तुमची आवक स्टॉकचे ११ अधिक लग्नांचे १२ म्हणजे २३,०००, त्यातून हप्ता गेला की राहिले ९,३३०, घरखर्च ३८,०००. महिन्याला २८-२९ हजारांचा खड्डा. एफडीत उरलेले साडेतीन लाख वर्षभरात संपतील, आणि त्या वर्षात कोणी आजारी पडलं नाही, कॅमेरा पडला नाही, एकही लग्न कॅन्सल झालं नाही असं धरून. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच हो. दुकानदार नो-कॉस्ट ईएमआय दाखवेल, त्यातही व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते, तेव्हा त्यालाही भुलू नका.

आणि कॅमेरा नक्की कशासाठी? तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलची क्रॉप बॉडी, म्हणजे जरा लहान सेन्सरचा कॅमेरा, आहे. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या दोन्ही स्टॉक साईट्सची किमान अट ४ मेगापिक्सेल आहे. लग्नात रात्रीच्या हॉलमध्ये फुल फ्रेमचा फरक पडतो हे मान्य, तर मग लग्नापुरती बॉडी भाड्याने आणा, कोल्हापूर-पुण्यात मिळते, आणि ते भाडं पार्टीच्या बिलात धरा. स्वतःचे पैसे घालायचेच तर एक चांगली लेन्स घ्या, सेकंडहँड चालेल, कर्ज न काढता.

आता मला सगळ्यात जास्त जे बोलायचंय ते. तुम्ही टॉप २० विकले गेलेले फोटो वेगळ्या शीटमध्ये दिलेत, ते मी दोनदा बघितले. त्यातले १४ फोटो माणसांचे आणि रोजच्या जगण्याचे आहेत. भाजीवाल्या मावशी क्यूआर कोडचा बोर्ड पुढे करतायत तो, वडिलांचं बीपी घरी तपासताना काढलेला, उसाच्या फडात मोबाईल बघणारा शेतकरी. डोंगरदऱ्यांचे फक्त दोन, आणि तेही तळाला. गिऱ्हाईक तुम्हाला ओरडून सांगतंय की त्याला काय हवंय, आणि तुम्ही लडाखच्या पँगाँग तळ्याला निघालात! पँगाँग एकदा सर्च करून बघा, पानंच्या पानं भरलीत, आणि निळं तळं, बर्फाचा डोंगर असला जनरल माल आता एआयने बनवलेलाही मिळतो, अडोबी स्टॉकने तर डिसेंबर २०२२ पासून एआयचे फोटो अधिकृतपणे घ्यायला सुरुवात केली. पण सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा एआय बनवून बातमीसाठी विकू शकत नाही, एडिटोरियलला, म्हणजे बातमी-लेखासोबतच्या फोटोला, खरी जागा, खरी तारीख, खरी माणसं लागतात.

तुम्ही राहता तिथे काय आहे ते जरा परक्याच्या नजरेने बघा ना. हळद, जिला जीआय (त्या त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालाय. हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं, २००५ च्या महापुरानंतर त्यातली बरीच गेली, जी राहिलीत त्यांचे नीट फोटो किती जणांकडे असतील? तासगाव भागात बेदाण्याची शेडं, फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं पसरलेली असतात, खालून वर बघितलं की हिरव्या मण्यांतून ऊन गाळून येतं, बायका बसून काड्या वेगळ्या करत असतात, यात शेती आहे, निर्यात आहे, महिला कामगार आहेत, अन्नप्रक्रिया आहे, एका शेडमध्ये दोन दिवसांत तुम्हाला शंभर वेगवेगळे, विकले जाणारे फोटो मिळतील. मिरजेत सतारमेकर गल्ली, भोपळ्यापासून सतार-तंबोरा बनताना प्रत्येक टप्पा काढता येतो, त्या वाद्यांनाही २०२४ मध्ये जीआय मिळालं. शिवाय मिरजेतले दवाखाने, कृष्णेचा घाट, साखर कारखान्यांचा सीझन. सगळं स्कूटरवर, पेट्रोल शंभर-दोनशे रुपयांचं. हेच ६०० फोटो तुम्ही वर्षभरात शनिवार-रविवारी करू शकता आणि अडीच लाख एफडीत जसेच्या तसे. आणि हो, जून ते ऑगस्ट बाहेर राहिलात तर आषाढी वारीही हुकेल, जी तुमच्यापासून काही तासांवर आहे, आणि ऑगस्टमध्ये मेघालय-अरुणाचल म्हणजे ऐन पावसात दरडी, बंद रस्ते, अरुणाचलला परमिट वेगळं, हॉटेलात बसून दिवस जातील त्याचेही पैसे लागतात.

रिलीजचं, म्हणजे फोटोतल्या माणसाच्या लेखी संमतीचं, मात्र आत्तापासून शिस्तीने करा. चेहरा ओळखू येत असेल आणि सही नसेल तर तो फोटो जाहिरातीसाठी जात नाही, फक्त एडिटोरियलला जातो, आणि साधारण जाहिरातवालाच जास्त पैसे देतो. फॉर्म इंग्रजीत असला तरी समोरच्या माणसाला मराठीत नीट समजावून सांगा की हा फोटो कुठेही छापून येऊ शकतो, साक्षीदाराची सही घ्या, लहान मूल असेल तर आईवडिलांची. आणि बेदाण्याच्या शेडमधल्या बाईला सहीच्या बदल्यात तीनशे-पाचशे रुपये द्या, तिच्या चेहऱ्यावर तुम्ही वर्षानुवर्षं कमावणार आहात. हा खर्च यूपीआयने करा म्हणजे नोंद राहते. अजिंठ्यासारख्या ठिकाणी फ्लॅश चालत नाही, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, ती आधी काढा, तिथे जाऊन वाद घालण्यात दिवस फुकट जातो.

कमाई वरखाली का होते तेही बघू. तुमचा ऑक्टोबर १६,४०० आणि जानेवारी ६,२००, तुम्हाला वाटलं जानेवारीत मार्केट थंड होतं. थोडं असेलही, पण शटरस्टॉकचं २०२० पासूनचं गणित असं आहे की वर्षभरातल्या डाऊनलोडच्या संख्येवर तुमची लेव्हल, म्हणजे विक्रीतला तुमचा वाटा, ठरते, १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत, आणि दर १ जानेवारीला सगळे परत १५ टक्क्यांवर. पहिले १०० डाऊनलोड १५ टक्क्यांनी, मग २०, मग २५, पाचशेच्या वर गेलात की ३०. म्हणजे डिसेंबरात ३० टक्के घेणारा माणूस जानेवारीत त्याच फोटोचे निम्मे घेतो. तुमच्या कमाईचा ७० टक्के भाग या एकाच साईटवर आहे, तो मला खटकतो. अडोबीवर फोटोला ३३ टक्के सरळ मिळतात, लेव्हलची भानगड नाही, आणि तिथे तुमचे फक्त ६०० फोटो आहेत! उरलेले १,६०० चढवायला काही खर्च नाही, महिनाभर रात्री बसावं लागेल एवढंच. कीवर्ड टाकताना पहिले दहा नीट निवडा, तिथे क्रमाला किंमत आहे. एकाच टोपलीवर विसंबायचं नाही याचं कारण म्हणजे या कंपन्यांचं काही सांगता येत नाही, आयएम (EyeEm) या फोटो साईटचं २०२३ मध्ये दिवाळं निघालं, जानेवारी २०२५ मध्ये गेट्टी आणि शटरस्टॉकने एकत्र यायची घोषणा केली, दर कधी बदलतील ते आपल्या हातात नाही.

टॅक्सबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय की "साईट काहीतरी कापते". ते काहीतरी म्हणजे अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के, कारण तुम्ही डब्ल्यू-८बेन (W-8BEN), म्हणजे आपण अमेरिकेचे करदाते नाही हे साईटला कळवायचा फॉर्म, भरलेला नाही. पॅन टाकून तो भरलात की भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवर १५ टक्के लागतो. पुढे तुम्ही म्हणाल की भारतात रिटर्नमध्ये क्रेडिट घेईन, फॉर्म ६७ भरून ते मिळतं, पण इथे गोची आहे. तुमचं सगळं मिळून उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, नवीन रेजिममध्ये २०२५-२६ पासून रिबेटने तुमचा इथला टॅक्स शून्य होतो, आणि इथे टॅक्सच नाही तर तिथल्या कापलेल्या पैशाचं क्रेडिट कशातून वजा करणार? ते गेले ते गेले. म्हणून हा फॉर्म याच आठवड्यात भरा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि एकदा भरला की सही केलेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालतो, मग परत भरायचा. उत्पन्न बिझनेसमध्ये दाखवा, आयटीआर-१ चालणार नाही, सीएकडून करून घ्या. जीएसटीची तुम्हाला इतक्यात काळजी नाही, सेवांना २० लाखांची मर्यादा आहे.

राजीनामा कधी द्यायचा? माझी अट अशी, स्टॉक आणि लग्नं आणि इतर कामं मिळून सलग १२ महिन्यांची सरासरी ४८,००० च्या वर गेली पाहिजे, चांगला महिना धरायचा नाही, सरासरीच धरायची. घरखर्च ३८ आहे तर ४८ कशाला, कारण पगारासोबत जे फुकट मिळतं ते सगळं विकत घ्यावं लागणार. त्यात सगळ्यात मोठं म्हणजे वडिलांचा विमा. त्यांना डायबेटिस आहे आणि ते तुमच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आहेत. तुम्ही नोकरी सोडली की ते कव्हर गेलं, आणि नवीन पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, जुना काळ धरतात का, हे नोकरीत असतानाच लेखी विचारून घ्या. आईवडिलांची वेगळी पॉलिसी मात्र अटीची वाट न बघता आत्ताच सुरू करा, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा भार कमी झालाय. पीएफला हात लावू नका, पेन्शनला १० वर्षं लागतात आणि तुमची ८ झालीत.

लग्नांच्या बाहेरची कामं यात महत्त्वाची आहेत. द्राक्ष निर्यातदार, हळदीचे ब्रँड, कोकणातली होमस्टे आणि रिसॉर्ट, यांना सगळ्यांना फोटो लागतात आणि कोणाकडेच चांगले नसतात. एका होमस्टेचं दोन दिवसांचं काम १५,००० ला मिळालं तर ते ३,००० स्टॉक फोटोंच्या एका महिन्याच्या कमाईइतकं झालं. निम्मे पैसे आधी घ्या, आणि करारात लिहून घ्या की जागेचे आणि आजूबाजूचे फोटो तुम्ही स्टॉकला टाकू शकता, प्रॉपर्टी रिलीजची (जागेच्या मालकाच्या संमतीची) सही तिथेच घ्या, म्हणजे प्रवास त्यांच्या खर्चाने आणि फोटो तुमचे.

लडाखला जायचंच असेल तर जा, मनात आहे ते मारू नका. रजा टाकून दहा दिवस, बायको-मुलीला घेऊन, सहल म्हणून, सहलीच्या बजेटमधून. कमाईच्या हिशोबात ती धरायची नाही एवढंच.

एफडीचं शेवटचं. ६ लाखांतले साडेतीन लाख घराचे नऊ महिने म्हणून बाजूला, त्याला कोणत्याही लेन्ससाठी हात नाही. ५०,००० पर्यंत लेन्स आणि दोन हार्ड डिस्क, कॅमेऱ्याचा ऑल रिस्क विमा त्यातच बसवा. उरलेले दोन लाख मुलीच्या नावाने जे काही करायचं ठरवलं होतंत त्याला. मार्चअखेर बेदाण्याचा सीझन संपला की नवीन शीट पाठवा, त्यात प्रत्येक फोटो कुठला आणि कशाचा हा एक कॉलम वाढवा, मग बघू एका फोटोमागचे ५ रुपये ७ झालेत का.