लंगोटाखालचा लाल चट्टा हटत का नाही?

प्रश्न : मुलगी सव्वा वर्षाची आहे. महिन्यापूर्वी कान दुखत होता म्हणून ७ दिवस अँटिबायोटिक दिलं. पाठोपाठ चार-पाच दिवस जुलाब झाले आणि तेव्हापासून डायपर रॅश हटायला तयार नाही. आधी खोबरेल तेल, मग झिंकचं मलम लावलं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या एका ट्यूबने दोन दिवसांत छान फिकं पडलं, पण थांबवताच दुप्पट जोराने परत आलं. आता जांघेच्या वळ्यांतही लाल आहे आणि बाजूला बारीक ठिपके आहेत. शी धुताना किंचाळते. प्रत्येक वेळी बेबी सोपने स्वच्छ धुते, तरी असं का? – एक आई, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रातच निदानाच्या तीन खुणा आहेत: अँटिबायोटिक, वळ्या आणि ठिपके. शी-शूच्या ओलाव्याने आणि घासण्याने होणारा साधा रॅश डायपर जिथे अंगाला टेकतो तिथे होतो, म्हणजे कुल्ल्यांचा फुगीर भाग, ओटीपोट, मांड्यांची आतली बाजू. जांघेची वळी उलगडली तर आत त्वचा बरीचशी नेहमीच्या रंगाची दिसते, कारण तिथे डायपर पोहोचतच नाही. वळीच्या आतच गडद लाल असेल, चट्ट्याची कड स्पष्ट असेल आणि कडेबाहेर सुटे सुटे लाल ठिपके किंवा बारीक पुटकुळ्या असतील, तर ती बहुधा कँडिडा नावाची बुरशी असते. ही बुरशी आतड्यात थोड्या प्रमाणात असतेच. अँटिबायोटिकने तिला आवर घालणारे जिवाणू मरतात, ती वाढते, शीबरोबर बाहेर येते आणि ओल्या, उबदार, आधीच सोलवटलेल्या त्वचेवर ठाण मांडते. साधा रॅशही ३ दिवसांहून जास्त रेंगाळला की त्यावर बुरशी चढण्याची शक्यता बरीच असते. म्हणजे झिंकचं मलम चुकीचं नव्हतं. ते ओलावा अडवतं, बुरशी मारत नाही.

आता ती ट्यूब. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव, सोबत क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल आणि वर निओमायसिन किंवा जेंटामायसिन असेल, तर ते स्टेरॉइड मिसळलेलं मलम आहे. स्टेरॉइड दोन दिवसांत लाली दाबतं, बुरशी मात्र जागेवरच राहते. लावणं थांबलं की दबलेली लाली उसळून वर येते, आणि घरच्यांना वाटतं की हेच मलम लागू पडत होतं. मग पुन्हा तीच ट्यूब. डायपरच्या आत त्वचा झाकलेली असल्याने हे औषध उघड्या अंगापेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. त्वचा पातळ होते, कायमचे ओरखड्यासारखे पट्टे पडू शकतात, आणि लहान अंगात ते रक्तातही उतरतं. चिठ्ठीशिवाय अशी मलमं विकण्यावर केंद्र सरकारने २०१८ साली बंधन आणलं, तरी ती काउंटरवर सहज मिळतात, हे फार वाईट आहे. ट्यूब बंद करा. बंद केल्यावर दोन-चार दिवस लाली वाढल्यासारखी वाटेल. तेवढ्याने घाबरून पुन्हा लावू नका. मात्र ती तीन-चार आठवडे रोज लावली गेली असेल, तर थांबवण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि ट्यूब बरोबर घेऊनच जा.

चार आठवडे होत आले आहेत, त्यामुळे एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. बुरशीच आहे असं ठरलं तर सहसा नुसतं क्लोट्रिमाझोल १ टक्का दिलं जातं. ट्यूबवर दुसरं कुठलंही नाव नको. दिवसातून दोनदा, सकाळी आंघोळीनंतर आणि रात्री झोपण्याआधी, हरभऱ्याच्या दाण्याएवढं घेऊन पातळ पसरा. वळ्यांच्या आत जायला हवं आणि शेवटच्या ठिपक्याच्याही बोटभर पुढे. ५ ते १० मिनिटं मुरू द्या, मग त्यावर झिंकचा थर. उलट क्रम केला तर औषध झिंकच्या वरच राहतं, त्वचेपर्यंत पोहोचत नाही. तीन-चार दिवसांत ठिपके मावळू लागतात आणि इथेच बहुतेक घरी मलम थांबतं. थांबवू नका. त्वचा पूर्ण साफ दिसल्यावरही आणखी २-३ दिवस लावा. एकूण साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यानेही फरक दिसला नाही, तर निदान चुकलेलं असू शकतं.

झिंक लावायची पद्धत बहुतेकांची चुकते. क्रीम चोळून जिरवतात तसं ते जिरवायचं नसतं. २० ते ४० टक्के झिंक ऑक्साइडचं घट्ट मलम घ्या आणि पुरीवर श्रीखंड थापावं तसा जाड थर द्या, खालची त्वचा दिसता कामा नये. पुढच्या वेळी शी झाली की वरचा मळलेला थर तेवढा ओल्या कापसाने उचला. खालचा पांढरा थर स्वच्छ असेल तर तो तसाच राहू द्या आणि त्यावर नवा थर लावा. दर वेळी मलम खरवडून ‘स्वच्छ’ करण्यात नवी त्वचा सोलली जाते, आणि मूल किंचाळतं ते बहुतेक वेळा यामुळेच. दिवसातून एकदा, आंघोळीच्या वेळी, सगळं मलम काढायचं असेल तर कापसावर खोबरेल तेल किंवा लिक्विड पॅराफिन घेऊन अलगद पुसा. झिंक पाण्याने निघत नाही, तेलाने निघतं.

आणि साबण. तुम्ही काळजीने धुता, पण त्वचेला नेमकं तेच सोसत नाही. शूमधल्या युरियापासून शीतले जिवाणू अमोनिया तयार करतात. त्याने त्वचेवरचं आम्लपण जातं, आणि तसं झालं की शीतली पाचकद्रव्यं जोरात काम करू लागतात व त्वचाच पचवायला घेतात. वडीचा साबण अल्कलीयुक्त असतो, तोही त्वचेला त्याच दिशेला ढकलतो. साबण दिवसातून एकदा, आंघोळीला, आणि तोही सौम्य. एरवी नुसतं कोमट पाणी. त्वचा सोलवटलेली असेल तर हातही लावू नका. दाबायच्या बाटलीतून पाण्याची धार सोडा, नाहीतर मुलीला घमेल्यातल्या कोमट पाण्यात दोन मिनिटं बसवा. नंतर जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीच्या तुकड्याने टिपून घ्या. पुसायचं नाही. वळ्या उलगडून दोन-तीन मिनिटं वारा लागू द्या, कारण ओल्या वळीवर लावलेला झिंक ओल आतच कोंडतो.

डायपर दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली तर तत्काळ. बाहेरची पट्टी निळी होण्याची वाट पाहू नका. ती शूची खूण आहे, शीची नाही. रात्री सलग १० तास एकच डायपर राहत असेल, तर हे दहा दिवस मध्ये एकदा उठून बदला. दिवसातून तीन-चार वेळा १५-२० मिनिटं मेणकापडावर सुती दुपटं टाकून मुलीला उघडं खेळू द्या. चादरी भिजतील, पण या वाऱ्याच्या तोडीचं मलम नाही. मूल पाळणाघरात जात असेल तर मलमांचा क्रम कागदावर लिहून पिशवीत ठेवा. घरी एक आणि तिथे दुसरं, असं झालं की दहा दिवसांचे महिने होतात.

तोंडातही बघा. गालाच्या आत किंवा जिभेवर दह्यासारखे पांढरे ठिपके असतील आणि कापडाने पुसून निघत नसतील, तर तीही हीच बुरशी. तिच्यावर उपचार झाले नाहीत तर खालचा रॅश परतत राहतो. तुम्ही अंगावर पाजत असाल आणि स्तनाग्रं चुरचुरत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. शी अजून पातळ असेल तर फळांचा रस पूर्ण बंद करा.

प्रश्न : आमच्याकडे नातवाला सुती लंगोटच वापरतो. पावसात ते वाळत नाहीत. अँटिसेप्टिक टाकून धुतो, चुलीवर धूर देऊन सुकवतो, शिवाय पावडर भरपूर लावतो. तरी दर पावसाळ्यात रॅश. – आजी, चिपळूण

उत्तर : लंगोट उत्तमच, पण पावसाळ्यात त्यांची परीक्षा घ्यावी लागते. वाळलेला लंगोट स्वच्छ पाण्याच्या तांब्यात बुडवून पिळा. पाण्यावर फेस आला तर साबण आत राहिलाय. लंगोट कोरडा असताना वास येत नाही, पण शू लागताच नाकात झणझणतो, हीही त्याचीच खूण. आधी शी झटकून गार पाण्यात खळबळा, मग नेहमीच्या निम्मी धुण्याची पावडर घालून कडकडीत पाण्यात धुवा आणि फेस जाईपर्यंत, निदान तीनदा, साध्या पाण्यातून काढा. बोअरचं जड पाणी असेल तर साबण आणखी चिकटतो, एक खळबळणं वाढवा. अँटिसेप्टिक बंद करा. त्याचा अंश कापडात राहतो आणि ओल्या त्वचेला पोळतो. कपडे मऊ करणारं द्रवही नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं.

धुराने सुकवू नका. तो धूर कापडात बसतो आणि बाळाच्या श्वासात जातो. पंख्याखाली सुकवून मग गरम इस्त्री फिरवा, कापडातून वाफ येणं थांबेपर्यंत. जाड लंगोटाच्या मधल्या घडीला हात लावून बघा, ओल तिथेच लपते. आठ-आठ दिवस ऊनच नसेल, तर तेवढे दिवस बाजारचे डायपर खुशाल वापरा, त्यात काही कमीपणा नाही.

पावडर मात्र आजच बंद. वळीत घामाशी मिसळून तिच्या गोळ्या होतात, त्या वाळूसारख्या घासतात, आणि उडालेला टाल्क बाळाच्या फुप्फुसात जातो. डब्यावर बोरिक ॲसिड लिहिलं असेल तर ती पावडर घरात ठेवूच नका. सोलवटलेल्या त्वचेतून ते अंगात उतरतं आणि लहान बाळांना त्याची विषबाधा होते.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा. शीच्या जागेभोवतीच, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, लालभडक गोल आहे. बाकी त्वचा अगदी छान. बुरशीचं मलम दोन आठवडे लावून उपयोग नाही. शीला बसायला घाबरतो, कधी रक्ताची रेघ दिसते. – वाचक, पुणे

उत्तर : हा डायपर रॅश नसावा. आखून काढल्यासारखी कड, दुखणं आणि रक्त या खुणा स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या संसर्गाकडे बोट दाखवतात. घसा दुखवणारा तोच हा जिवाणू. मलमाने तो जात नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटातून अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लागतो. त्या जागेचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) पाठवताना ‘स्ट्रेप’साठी असं प्रयोगशाळेला स्पष्ट सांगायला हवं. घरात कुणाचा घसा दुखत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. दुखतं म्हणून मूल शी रोखतं, ती घट्ट होते, मग आणखी दुखतं. या दिवसांत पाणी, पपई, पातळ वरण-भात यांवर भर द्या आणि बसण्याची जबरदस्ती करू नका.

प्रश्न : मुलीला फक्त दोन्ही मांड्यांच्या कडेला, इलॅस्टिक लागतं तिथे पट्टे येतात आणि वाइप्स लावले की रडते. – वाचक, दुबई

उत्तर : पट्ट्यांचा आकारच उत्तर देतो. इलॅस्टिकच्या रेषेवरच असेल तर एकतर घासणं किंवा त्यातल्या रबराची अथवा रंगाची ॲलर्जी. आधी एक माप मोठा डायपर लावून बघा. कमरेत आणि मांडीत एक बोट सहज जायला हवं. तीन-चार दिवसांत फरक नसेल तर रंग आणि सुगंध नसलेली दुसरी कंपनी. वाइप्स तीन आठवडे पूर्ण बंद, नुसतं पाणी आणि कापूस. त्यातल्या मेथिलआयसोथायाझोलिनोन या टिकाऊपणासाठीच्या रसायनाने ॲलर्जी होते, आणि कधी कधी वाइप्सने पुसलेल्या तोंडाभोवती नि हातांवरही पुरळ येतं.

प्रश्न : डॉक्टरांकडे नेमकं कधी जायचं? आणि तोवर हळद किंवा ते जांभळं औषध लावलं तर चालेल का? – वाचक, सोलापूर

उत्तर : हळदही नको, जांभळं औषधही नको. दोन्हींचा रंग त्वचेवर बसतो आणि लाली किती, कड कुठे, ठिपके आहेत की नाहीत, हे डॉक्टरांना दिसतच नाही. ताप, पाण्याने भरलेले फोड, पू, पिवळी खपली किंवा शू करताना रडणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी जा. पावसाळ्यात कुल्ल्यांवर फोड आले तर तळहात, तळपाय आणि तोंडही तपासा. हात-पाय-तोंडाचा आजार लहान मुलांत तिथेही उठतो. खाली रॅश, तोंडाभोवती तसाच चट्टा, बोटांच्या टोकांना सोलणं, केस विरळ होणं आणि सतत पातळ शी, हे सगळं एकत्र दिसलं तर शरीरात जस्त, म्हणजेच झिंक, कमी पडत असू शकतं. त्याला तपासणी आणि पोटातून औषध लागतं, वरून लावलेल्या झिंकने ते भरून निघत नाही.

जाण्याआधी तीन-चार दिवस रोज एकाच वेळी, खिडकीजवळच्या उजेडात, वळी उलगडून एक फोटो काढा. जायच्या सकाळी काहीही लावू नका आणि आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.