दुधाची दाढ काढण्याआधी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) बघ

प्रिय मुली,

गोव्यातल्या बांबोळीच्या डेंटल कॉलेजात लहान मुलांच्या विभागात आता तुझी पोस्टिंग आहे. कॅन्सरची केमो चालू असलेली, केमो संपून वर्षं झालेली, अशी मुलं तुझ्या खुर्चीत बसतील. त्यांना तोंड उघडायला सांगण्याआधी विचारून घे: उपचार कितव्या वर्षी झाले? डोक्या-मानेला रेडिएशन दिलं होतं का?

वय का, तर तीन वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दुसरी उपदाढ आणि दुसरी कायमची दाढ नुकती घडायला लागलेली असते. नेमकी तेव्हाच केमो झाली तर ते दात कधी येतच नाहीत, कधी बारके येतात, कधी मूळ आखूड राहतं. हे उघड होतं दहाव्या-बाराव्या वर्षी, घरचे आजारपण विसरायला लागलेले असतात तेव्हा. आखूड मुळं वरून ओळखू येत नाहीत; दात छान दिसतो. ओपीजीत मात्र मूळ टोकाकडे एकदम निमुळतं होऊन मध्येच संपलेलं दिसतं. खाली कायमचा दात नसेल तर दुधाची दाढ जिवापाड जपायची, हे त्या फिल्मवरूनच ठरतं.

केमो चालू असेल तर रक्ताचा ताजा रिपोर्ट बघितल्याशिवाय हत्याराला हात लावू नकोस. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 1000 च्या किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 75,000 च्या खाली असतील, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन; तातडीचं नसेल ते काम पुढे ढकल. दात काढायचाच असेल तर जखम भरायला केमोआधी किमान 7 ते 10 दिवस मिळायला हवेत.

विंक्रिस्टीन हे केमोचं औषध चालू असलेलं मूल खालच्या दाढा ठणकतात म्हणून रडेल, बहुतेक दोन्ही बाजूंच्या. कीड नाही, सूज नाही, एक्स-रे स्वच्छ. ते दुखणं मज्जातंतूचं असतं, औषध थांबलं की ओसरतं. चांगल्या दाढेला ड्रिल लावू नकोस.

रक्त येईल या भीतीने आया ब्रश बंद करतात, आणि तिथेच कीड आणि संसर्गाला वाट मिळते. मऊ ब्रश दिवसातून दोनदा, फ्लोराइडची पेस्ट तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, मग सहापर्यंत वाटाण्याएवढी. तोंड आलं की पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा घालून चुळा. चूळ भरता येत नसेल त्याला ओल्या गॉजने पुसायचं. कोमट पेज चालते. सोलकढी, तिखट हुमण (माशांची आमटी) तेवढे दिवस नको, फार झोंबतं. बुरशीवरचं पातळ औषध बहुधा साखरेचं असतं; आधी दात घासायचे, मग ते औषध.

लाळग्रंथींवर रेडिएशन झालं असेल तर लाळ आटते आणि कीड झपाट्याने पसरते. अशा मुलाला दर तीन महिन्यांनी बोलावून फ्लोराइड वार्निश लाव. त्या जबड्यातला दात पुढे कधी काढायची वेळ आली तर हाड सडण्याचा धोका असतो, एकट्याने निर्णय घेऊ नकोस.

तारा बसवायची घाई उपचार संपल्यापासून निदान दोन वर्षं नको, आणि नंतरही जोर हलका. आखूड मुळं जास्तच झिजतात. ओपीजीची एक प्रत आणि उपचारांच्या तारखा आईच्या फाइलीत घालून दे. काणकोण-पेडण्यासारख्या गोव्याच्या टोकाचं मूल पुढे गावच्याच दंतवैद्याकडे जाणार, आणि त्याला हे दुसरं कुणी सांगणार नाही.